विश्लेषण : ‘सवड मिळाली की जाऊ’... मुळशीतल्या महिलांची कर्करोग तपासणी नेमकी कुठे अडते?

मुळशीत भाताचे वर्ष बाईच्या कामावर चालते. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात पेरणी, आषाढात गुडघाभर चिखलात वाकून लावणी, मग बेणणी आणि दिवाळीच्या आगेमागे कापणी-झोडणी. याशिवाय रोजची चूल, पाणी, जनावरे, मुलांची शाळा आणि सासू-सासऱ्यांची औषधे असतातच. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पिरंगुट, उरवडे, माण, हिंजवडीत चित्र वेगळे आहे. तिथे सकाळी डबे भरून कंपनीची बस गाठायची असते. कुणी बावधन-कोथरूडच्या सोसायट्यांमध्ये चार घरची कामे करते. पण आरोग्य तपासणीचा विषय निघाला की दोन्हीकडे उत्तर एकच मिळते : ‘सवड मिळाली की जाऊ.’

ही सवड का मिळत नाही आणि खरे तर किती वेळ लागतो? महाराष्ट्रातच झालेल्या मोठ्या अभ्यासांनी या प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी दिली आहेत.

बाईचा वेळ जातो कुठे?

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार, घरकाम करणाऱ्या महिला दिवसाला सरासरी २८९ मिनिटे बिनपगारी घरकामात घालवतात. घरकामात हात लावणाऱ्या पुरुषांसाठी हाच आकडा ८८ मिनिटे आहे. म्हणजे रोज जवळपास सव्वातीन तासांचा फरक. शेतातले काम, कंपनीतली पाळी, आजारी माणसांची आणि मुलांची देखभाल यात धरलेली नाही.

आता हिशेब करून पाहा. रोजची २८९ मिनिटे म्हणजे वर्षाला साडेसतराशे तासांहून जास्त, पाच वर्षांत साडेआठ हजार तासांहून अधिक. सरकारी कार्यक्रमात तीन प्रमुख कर्करोगांची तपासणी पाच वर्षांतून एकदा सुचवली आहे. तिला प्रत्यक्षात अर्धा तास पुरतो. प्रवास आणि रांग धरली तरी एक सकाळ. साडेआठ हजार तासांतून एक सकाळ निघत नसेल, तर अडचण केवळ वेळेची नाही. घरात प्रत्येकाच्या कामाची तारीख ठरलेली असते, बाईच्या तपासणीची तेवढी ठरत नाही.

किती महिलांची तपासणी झाली आहे?

फारच थोड्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) ३० ते ४९ वर्षांच्या महिलांना विचारले गेले, की आजवर एकदा तरी तपासणी झाली आहे का? देशभरात गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी ‘हो’ म्हणणाऱ्या होत्या १.९ टक्के. स्तनाच्या आणि तोंडाच्या तपासणीसाठी प्रत्येकी ०.९ टक्के. म्हणजे शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी या तपासणीच्या टेबलापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या.

दुसरीकडे, जागतिक कर्करोग आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षभरात स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने त्या वर्षी जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू झाला. ज्या आजाराची चाहूल अनेक वर्षे आधी लागू शकते, त्याचे हे मृत्यू आहेत.

दुखत नसताना दवाखान्यात का जायचे?

आपल्याकडे दुखणे अंगावर काढायची सवय आहे. अगदीच उठवेना, तेव्हा दवाखाना. पण या कर्करोगांची सुरुवात मुळात दुखतच नाही. स्तनातली पहिली गाठ बहुतेकदा दुखत नाही. तोंडातला पांढरा चट्टा जेवताना फारसा जाणवत नाही. गर्भाशयाच्या तोंडाशी बदल सुरू झाले तरी पाळी नेहमीसारखी येत राहते. दुखण्याची वाट पाहणारी बाई नेमक्या त्याच काळात घरी थांबते, ज्या काळात उपचार सर्वांत सोपे असतात.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एचपीव्ही या विषाणूच्या रेंगाळलेल्या संसर्गातून होतो. हा संसर्ग अतिशय सर्वसामान्य आहे, वैवाहिक आयुष्यात बहुतेकांना तो कधी ना कधी होतो आणि बहुतेकदा आपोआप जातो. त्यामुळे त्याचा चारित्र्याशी संबंध जोडण्याचे काहीच कारण नाही. काही जणींमध्ये तो टिकून राहतो, पेशी बदलू लागतात आणि त्यातून कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षे लागतात. एवढ्या मोठ्या काळात एक-दोनदा तपासणी झाली, तरी आजार होण्याआधीच पकडता येतो.

बार्शी-उस्मानाबादच्या गावांनी काय दाखवले?

याचा सर्वांत भक्कम पुरावा मराठवाड्यातून आला. १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी तो केला. ३० ते ५९ वर्षांच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक महिला त्यात होत्या. काही गावांत एचपीव्ही चाचणी, काही गावांत पॅप स्मिअर, काहींत व्हिनेगरची तपासणी झाली. उरलेल्या गावांत नेहमीचीच आरोग्यसेवा होती.

निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४. एका चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. तुलनेच्या गावांतल्या स्त्रियांना त्या काळात तपासणी दिली नव्हती, यावर पुढे टीकाही झाली. पण त्या हजारो शेतकरी-मजूर बायांमुळे जगाला मिळालेले उत्तर आज अनेक देशांच्या धोरणात दिसते.

आपल्या विषयासाठी यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. बोलावलेल्या दर दहा महिलांपैकी जवळपास आठ जणी तपासणीला आल्या. त्यांनाही शेत होते, जनावरे होती, लहान मुले होती. फरक इतकाच, की महिला कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, नावाने बोलावले, तपासणी म्हणजे काय ते समजावले आणि तपासणीची सोय गावाजवळ आणली. सवड त्या बायांनीच काढली, पण ती काढता येईल अशी सोय कुणीतरी केली होती.

मुंबईच्या अभ्यासाने त्यात काय भर घातली?

टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतल्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वर्षांच्या दीड लाखाहून अधिक महिलांसह दुसरा अभ्यास सुरू केला. तपासणी डॉक्टरांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या, किमान दहावी शिकलेल्या महिला कार्यकर्त्यांनी केली. व्हिनेगरच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

स्तनांसाठी दर दोन वर्षांनी हाताने तपासणी झाली. वीस वर्षांच्या नोंदींनंतर दिसले, की आजार लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या महिलांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या महिलांमध्ये मृत्यूंत तशी घट दिसली नाही. ‘आता या वयात कशाला तपासायचे’ असे म्हणणाऱ्या आई आणि सासूला हा आकडा जरूर सांगावा. फायदा सर्वांत ठळक दिसला तो त्यांच्याच वयोगटात.

तपासणीत नेमके काय होते?

भीतीचे निम्मे कारण हे माहीत नसणे असते. तीस वर्षांवरील महिलांसाठी सरकारी कार्यक्रमात तीन तपासण्या आहेत.

• तोंड : टॉर्चच्या उजेडात गाल, जीभ, हिरड्या पाहतात. दोन-तीन मिनिटे.

• स्तन : प्रशिक्षित परिचारिका किंवा डॉक्टर हाताने स्तन आणि काख तपासतात. पाच-दहा मिनिटे. सुई नाही, औषध नाही.

• गर्भाशयाचे तोंड : याला ‘व्हीआयए’ म्हणतात. सौम्य व्हिनेगरचा बोळा गर्भाशयाच्या तोंडाला लावून मिनिटभर थांबतात. बदललेल्या पेशी असतील तर तो भाग पांढरा दिसतो. थोडे अवघडल्यासारखे वाटते, पण भूल लागत नाही आणि निकाल तिथेच कळतो. पांढरा भाग दिसला म्हणजे कर्करोग झाला असे नव्हे. बहुतेकदा ती आधीची पायरी असते आणि शेक देऊन किंवा गोठवून तो भाग काढता येतो. त्यासाठी गर्भाशय काढावे लागत नाही.

पाळी सुरू असताना ही तपासणी करत नाहीत. पाळी बंद झालेल्या महिलांमध्ये व्हीआयए तितकी भरवशाची नसते, त्यांच्यासाठी डॉक्टर पॅप किंवा एचपीव्ही चाचणी सुचवू शकतात. तपासणी महिलेनेच करावी अशी इच्छा असेल तर आधी तसे सांगावे, त्यात संकोच नको.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० साठी ठेवलेले उद्दिष्ट आणखी सोपे आहे : ७० टक्के स्त्रियांची पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा दर्जेदार चाचणी. आयुष्यात निदान दोन सकाळी.

मुळशीत सुरुवात कुठून करायची?

पहिला दुवा म्हणजे गावची आशाताई. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा एक अर्ज आशाने घरी येऊन भरायचा असतो. त्यात वय, तंबाखू, कंबरेचा घेर, व्यायाम, घरातले आजार आणि महिलांसाठी स्तनातली गाठ, अवेळी रक्तस्राव असे प्रश्न असतात. हा अर्ज भरला नसेल तर आपणहून विचारा. पुढे उपकेंद्र, म्हणजे आताचे आयुष्मान आरोग्य मंदिर आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. तालुक्याच्या ठिकाणी पौडला ग्रामीण रुग्णालय आहे. लवळ्याला सिम्बायोसिसचे रुग्णालय आणि महिलांसाठीचे वैद्यकीय महाविद्यालय आहे. व्हीआयए कोणत्या वारी होते, हे आशाताईंना किंवा उपकेंद्रात आधी विचारून जावे. ताम्हिणी-निवे पट्ट्यातून एसटीची वेळ सांभाळून आलेल्या बाईला ‘आज नाही, उद्या या’ ऐकावे लागले, तर ती पुन्हा येत नाही.

मुळशीसाठी मोसमही ठरवता येतो. लावणी आणि कापणीच्या दिवसांत कुणाला बोलावून उपयोग नाही. झोडणी आटोपल्यावर, राबाची कामे लागण्याआधी जो काळ मिळतो, तो शिबिरासाठी योग्य. कंपनीतल्या महिलांसाठी मात्र सुट्टीचा वार किंवा पाळी सुटल्यानंतरची वेळच उपयोगाची.

‘संशयित’ म्हटले म्हणजे कर्करोग झाला का?

नाही. याचे ताजे उदाहरण हिंगोलीचे. २०२५ मध्ये तिथे ‘संजीवनी’ मोहिमेत घरोघरी प्रश्नावली भरून घेतली गेली. सुमारे २ लाख ९३ हजार महिलांपैकी साडेचौदा हजार जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे नोंदली गेली आणि हाच आकडा समाजमाध्यमांवर ‘इतक्या महिलांना कर्करोग’ म्हणून फिरला. पुढच्या तपासण्यांतून त्या वेळेपर्यंत निदान झाले ते तोंडाच्या कर्करोगाचे आठ, गर्भाशयमुखाचे तीन आणि स्तनाचा एक. लक्षण म्हणजे निदान नव्हे. पण बोलावले असता पुढच्या तपासणीला न जाणे, ही मात्र खरी जोखीम.

मुलींच्या लशीचे काय?

एचपीव्ही लशीच्या कथेत पुण्याचा वाटा मोठा आहे. २००९ मध्ये देशातल्या नऊ केंद्रांवर दोन की तीन डोस हे पाहणारा अभ्यास सुरू झाला. पुणे, मुंबई आणि बार्शी ही त्यातली केंद्रे होती. २०१० मध्ये दुसऱ्याच एका प्रकल्पावरून वाद झाला आणि सरकारने लसीकरण थांबवले. त्यामुळे सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळाला. पण त्यांच्याकडे दहा वर्षे लक्ष ठेवल्यावर दिसले, की एका डोसनेही कर्करोगाला कारण ठरणाऱ्या दोन मुख्य प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून ९५ टक्के संरक्षण मिळते. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यांत हा अभ्यास आहे. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या भारतीय लशीला मंजुरी मिळाली.

लस सर्वांत उपयोगी ९ ते १४ या वयात. आपल्या भागात सध्या काय सोय आहे, हे प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी करायचीच असते.

रोजच्या सवयींपैकी खरोखर कशाचा उपयोग होतो?

सगळ्या सल्ल्यांची यादी भिंतीवर लावून उपयोग नाही. मोजक्या गोष्टी पुरे.

पहिली, मिश्री. ग्रामीण पुणे जिल्ह्यात अनेक घरांत सकाळ मिश्रीने सुरू होते. दात घासायची पूड वाटली तरी ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडीला लावून ठेवलेली मिश्री तोंडाच्या कर्करोगाची जोखीम वाढवते. सोडणे अवघड आहे, कारण लागलेली असते ती तंबाखूची सवय. दिवसातून किती वेळा लावली जाते ते मोजा, एकेक वेळ कमी करा आणि घरातल्या मुलींच्या हाती ती देऊ नका.

दुसरी, हालचाल. आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. शेतात दिवसभर राबणाऱ्या बाईला व्यायामाचा सल्ला देणे बरे नव्हे, तिला बहुधा विश्रांतीची गरज असते. हा सल्ला दिवसभर संगणकासमोर किंवा मशीनवर बसणाऱ्यांसाठी आहे. पाळी गेल्यानंतर वाढणारे वजन स्तनाच्या कर्करोगाची जोखीम वाढवते.

तिसरी, स्वतःच्या शरीराची ओळख. पाळी संपल्यावर चार-पाच दिवसांनी, अंघोळीच्या वेळी स्तन कसे आहेत ते पाहून ठेवावे. पाळी गेलेल्यांनी महिन्याची एक तारीख धरावी. ही तपासणीची जागा घेत नाही, पण बदल झाला तर तो लवकर ध्यानात येतो.

ही लक्षणे अंगावर काढू नका

• स्तनात किंवा काखेत गाठ, दुखत नसली तरी

• स्तनाची त्वचा ओढली जाणे, बोंड आत जाणे, त्यातून रक्तासारखा स्राव

• दोन पाळ्यांच्या मधे, शरीरसंबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर पुन्हा रक्तस्राव

• अंगावरून सतत दुर्गंधीयुक्त पाणी जाणे

• तोंडात दोन आठवड्यांहून जास्त राहिलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड कमी उघडणे

यांपैकी काही दिसले तर शिबिराची वाट पाहू नये, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावे. निदान झाले तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे, त्यात कर्करोगाचे उपचारही येतात. खर्चाच्या धास्तीने गप्प बसू नये.

मग ही सवड काढायची कुणी?

आजवर आपण एवढेच म्हणत आलो, की बाईने स्वतःकडे लक्ष द्यावे. म्हणजे तिच्या कामांच्या यादीत आणखी एक काम आणि ते राहिले तर दोषही तिचाच. उस्मानाबादच्या गावांचा अनुभव वेगळे सांगतो. बोलावणे आले, जागा जवळ होती, वेळ सोयीची होती, तर बाया आल्या.

म्हणून कामे वाटून घ्यावी लागतील. घरातल्या पुरुषाने त्या सकाळची धार, स्वयंपाक आणि मुलांची शाळा सांभाळावी आणि गाडीवरून सोडायलाही जावे. बचत गटाने एका महिन्याच्या बैठकीऐवजी सगळ्यांनी मिळून तपासणीला जावे. एकटीला वाटणारी लाज दहा जणींत वाटत नाही. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नाचा दहा टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी ठेवावा लागतो, तेव्हा शिबिराची मागणी महिला ग्रामसभेत मांडता येते. कंपनीने महिला कामगारांना तपासणीसाठी अर्धा दिवस पगारी सुट्टी दिली, तर पुढची अनेक आजारपणे टळतील.

आणि हे वाचून झाल्यावर मोबाइल हातात आहेच. आशाताईंना फोन लावा, तपासणीचा वार विचारा आणि कॅलेंडरमध्ये तारीख टाका. आपली असेल, आईची असेल, नाहीतर बायकोची. भाताची कापणी जशी ‘सवड मिळाली की’ होत नाही, तशीच ही तपासणीही होणार नाही.